सहा बाण, पंचवीस पावलं

ता. २ जून

चि. डळमळ्यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

अठ्ठावन्न वर्षांच्या घोड्याला चिरंजीव लिहायची लाज वाटते, पण तू माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहेस आणि त्याला माझा इलाज नाही.

पत्रास कारण की माझा उजवा खांदा कामातून गेला. डॉक्टर म्हणतो, आता धनुष्य ओढायचं नाव काढू नका. त्याचं काय जातंय म्हणायला. पण गेल्या आठवड्यात वरच्या फळीवरची बरणी काढताना हात अर्ध्यातच अडकला, तेव्हा मलाही ते पटलं. तुझ्या वहिनीसमोर पटलं नाही, एवढं ध्यानात ठेव.

आपल्या रानात दर हिवाळ्यात हरणं नव्या लागवडीची साल सोलून खातात, हे तुला आठवत असेल. वस्ती जवळ म्हणून बंदुकीला बंदी आहे. जंगलखातं फक्त सहा तिरंदाजांना परवाना देतं आणि त्यातली एक जागा बाबांपासून आपल्या घराची आहे. मी शिकार सोडली तर घरातलं दुसरं कुणी ती जागा घेऊ शकतं, पण परीक्षा द्यावी लागते. ती १२ ऑक्टोबरला आहे. पंचवीस पावलांवरून सहा बाण, आणि सहाही जेवणाच्या ताटाएवढ्या वर्तुळात. एक जरी बाहेर गेला तरी घरी पाठवतात, कारण इथं बाहेर गेलेला बाण म्हणजे रानात जखमी होऊन पळालेलं जनावर. हे तुला समजावून सांगायची गरज नाही.

जागा रिकामी झाली तर ती समोरच्या औषधवाल्याला जाते. तो गिधाडासारखा टपून बसला आहे. त्याच्याकडे ते चाकांचं धनुष्य आहे, एकदा ओढलं की आपोआप हलकं होणारं. त्याला मी यंत्र म्हणतो. ज्याला गोळ्या मोजायलाही यंत्र लागतं त्याच्याकडून दुसरी अपेक्षा नाही.

मला मूल नाही, तुझी लेक समुद्रापार. राहिलास तू. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. यातला हरी मी, बाकीचं तू समजून घे.

कळावे. लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं.

दादा

*

ता. ११ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. एकोणचाळीस वर्षांत हे तुझं पाचवं. आधीच्या चारांपैकी दोन बाबा आणि आई गेल्याची होती, त्यामुळे पाकीट फोडण्याआधी मी खुर्चीत बसून घेतलं. फक्त खांदाच गेला आहे हे वाचून हायसं वाटलं. जीभ शाबूत आहे हेही कळलं.

फोनवर तू दोन मिनिटांत ठेवून देतोस, म्हणून मीही लिहितोय. शिव्या कागदावर दिल्या की नीट सुवाच्य येतात, हा तुझा मुद्दा मला पटतो.

मी परीक्षा देईन. तुझी जागा वाचावी म्हणून नाही. औषधवाल्यानं ती घेतली, आणि वर तुझ्या अंगणात उभं राहून फोटो काढला, तरी माझी झोप उडणार नाही. मला ते ती हरणी करायला लावते आहे. तू पत्रात तिचं नाव न घेता टोचलं आहेस, तर मीच घेतो. मी एकोणीस वर्षांचा होतो. ती उजवीकडे तोंड करून उभी होती, अठरा पावलांवर, आंधळ्यालाही लागावी अशी. माझा बाण डावीकडे गेला आणि पोटात बसला. दोन दिवस आपण तिघं रक्ताच्या थेंबामागे फिरलो. तिसऱ्या दिवशी ती ओढ्याकाठी सापडली, तेव्हा अजून जिवंत होती. बाबांनी माझ्या हातातलं धनुष्य काढून तुझ्या हातात दिलं. महिन्याभरात मी या शहरात येऊन चष्म्याच्या दुकानात उभा राहिलो. तेव्हापासून इतरांच्या डोळ्यांची काळजी घेतोय.

मरायच्या आधी एकदा तरी सरळ बाण मारता यावा, एवढीच इच्छा आहे. शिकवणारा तुझ्यासारखा मिळाला हे माझं नशीब. नशीब चांगलं की वाईट ते सोडून दे.

वहिनींना नमस्कार. आहे तेवढा लोभ पुरवून वापरावा ही विनंती.

तुझा धाकटा भाऊ,
डळमळ्या
(नाव तूच ठेवलंस, म्हणून तेच चालू ठेवलंय.)

*

ता. २० जून

चि. डळमळ्यास,
अ. आ. वि. वि.

सोबत सरावाचं धनुष्य आणि आठ बाण पाठवले आहेत. धनुष्य हलकं आहे. ते बघून तुझा अपमान झाला असेल, तर तो होण्यासाठीच पाठवलं आहे. जड धनुष्यानं सुरुवात करणारा माणूस स्नायू कमावत नाही, वाईट सवयी कमावतो. औषधवाल्यानं पहिल्याच दिवशी सगळ्यात जड आणलं होतं. महिनाभर मान वाकडी करून गोळ्या विकत होता.

आता ऐक. पहिले पंधरा दिवस नेम धरायचा नाही. चिंध्यांनी गच्च भरलेलं पोतं छातीच्या उंचीवर टांग, त्याच्यापासून तीन पावलांवर उभा राहा, आणि डोळे मिटून बाण सोड. हसू नको. डोळे उघडे असले की माणूस बाण कुठं लागला ते बघत बसतो आणि अंग काय करतंय ते विसरतो. डोळे मिटले की कळतं की खांदा कानाला लागलाय, कंबर मागं गेली आहे आणि मूठ अशी आवळली आहे जणू पाकीटमार पकडला आहे. धनुष्य पकडायचं नसतं, ते तळहातावर टेकू द्यायचं. घट्ट धरलं की हाताची थरथर सरळ बाणात उतरते.

दोरी हातानं ओढू नको, पाठीनं ओढ. दोन्ही खांद्यांचे खवाटे मागं एकमेकांकडे सरकले पाहिजेत. दोरीचा हात रोज एकाच जागी येऊन थांबला पाहिजे, मधल्या बोटाचं टोक ओठाच्या कोपऱ्याला. आज कोपऱ्याला, उद्या गालाला, परवा कानाला असं चालत नाही. आणि बाण सुटल्यावरही दोन आकडे मोजेपर्यंत तसाच उभा राहा. बाण सुटला की हात खाली टाकून बघायला धावणारे मी पुष्कळ पाहिले, त्यातला एक माझ्या घरातलाच होता.

आणखी एक. दहा वेळा ओढलंस तर त्यातल्या चार वेळा बाण सोडायचाच नाही. पुरतं ओढून, पाच आकडे थांबून, दोरी हळूहळू परत आणायची. बाण सोडणं माकडालाही येतं. न सोडता परत आणता आला तर तो शिकारी. तुला हे जमणार नाही असं मला वाटतं, पण लिहून ठेवतो.

कळावे. हातावर निळे डाग पडले की कळव, म्हणजे कोपर कसं धरतोस ते मला इथूनच समजेल.

दादा

*

ता. ९ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

डाग पडले. डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटापासून कोपरापर्यंत. परवा एक गिऱ्हाईक बाई चष्म्याची दांडी बसवून घेताना माझ्या हाताकडे बघत राहिल्या आणि जाताना माझ्या बायकोला हळूच म्हणाल्या की त्रास होत असेल तर मदत करणाऱ्या संस्था असतात. बायकोनं त्यांना सांगितलं की मार बसतोय तो मोठ्या भावाचा, पत्रानं येतो.

पोतं दुकानाच्या मागच्या खोलीत टांगलं आहे, अक्षरांच्या तक्त्याशेजारी. दुपारी दुकान बंद असतं तेव्हा मी डोळे मिटून उभा असतो. बायको दारात उभी राहून सांगते की खांदा वर गेला, खांदा खाली घे. तिला तुझं पत्र पाठ झालं आहे आणि ती तुझ्याच आवाजात बोलते, हा एक नवाच जाच सुरू झालाय.

थोडं जमतंय. मूठ सैल सोडायला शिकलो. इस्त्री सरळ हातात धरून शंभर मोजतो, आधी चाळीसला हात पडायचा. दोरी ओठाच्या कोपऱ्याला येते. न सोडता परत आणणंही जमतं, तुझं भाकीत खोटं ठरलं म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस.

जमत नाहीत त्या दोनच गोष्टी. एक म्हणजे डोळे उघडून पंधरा पावलांवर गेलो की सगळे बाण डावीकडे जातात. एकमेकांजवळ बसतात, पण सगळे डावीकडे वीतभर. आणि दुसरी अशी की सोडायच्या क्षणी माझं डोकं मागं जातं. मी नेत नाही, ते आपोआप जातं. बायको म्हणते, दोरी चावणार असल्यासारखा चेहरा होतो. ही खोड मला जुनी आहे. तुला आठवत नसेल, मी दहाएक वर्षांचा असताना तुझं छोटं धनुष्य उलट्या हातानं धरत होतो आणि तू म्हणाला होतास की असं धरून ओढलं तर दोरी उलटते आणि डोळा फोडते. एका माणसाचा फुटलेला डोळा तू स्वतः पाहिला होतास म्हणे. मी सुलट्या हातावर आलो, पण भीती काही सुलटी झाली नाही. यावर उपाय काय, ते कळव.

वहिनींना नमस्कार. माझ्यावर लोभ नसला तरी निदान पोत्यावर असावा, ते बिचारं फार सोसतंय.

डळमळ्या

*

ता. ३० जुलै

चि. यास,
अ. आ.

पत्र मिळालं. बाण डावीकडे जातात कारण तू मनगट वळवतोस. डोकं मागं जातं कारण तू भित्रा आहेस. नाचता येईना अंगण वाकडं. साठीला आलेल्या माणसानं लहानपणच्या गोष्टी उगाळत बसू नये. सराव कर. पुन्हा पोत्यापाशी जा आणि तीन पावलांपासून सुरुवात कर.

इथं सगळं ठीक.

दादा

*

ता. ८ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तीन आठवडे थांबवून नऊ ओळी पाठवल्यास. त्यात 'डळमळ्या' नाही, लोभ नाही, औषधवाल्याला एक शिवी नाही. आधी वाटलं पत्र दुसऱ्या कुणाचं आहे. तब्येत बरी आहे ना? इतकं सौजन्य तुला झेपायचं नाही.

मनगट मी वळवत नाही. बायकोनं फूटपट्टी लावून पाहिलं. मग तिनं जे केलं ते ऐकून तू मला जन्मभर हसशील, म्हणून तुझ्याआधी मीच हसून घेतो. ती म्हणाली की दोन्ही हात समोर लांब कर, पंजे एकमेकांवर ठेवून मधे छोटी खिडकी कर, आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या खिडकीतून दाराची कडी बघ. मी बघितली. मग म्हणाली, डावा डोळा मिट. मिटला तर कडी गायब, नुसती भिंत. उजवा मिटला तर कडी जागच्या जागी.

म्हणजे माझा पुढारी डोळा डावा आहे. दोन्ही डोळे उघडे असताना नेम डावा धरतो, आणि बाण मात्र उजव्याखाली असतो. बाण डावीकडे जाणार नाही तर काय होईल? अडतीस वर्षं मी या खुर्चीत लोकांचे डोळे बघतोय. हा झाका, ते वाचा, आता तो झाका, हे वाचा. एकेक डोळा झाकूनच तपासत आलो. दोन्ही उघडे असताना कुठला पुढं चालतो, हे स्वतःपुरतं कधी पाहिलं नाही. आणि शोध लावला कुणी, तर जिनं या दुकानात फक्त काचा पुसल्या असं मी चारचौघांत सांगत असतो तिनं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. दोन दिवस ती माझ्याशी बोलताना एक डोळा मिटून बोलत होती.

मग रात्रभर त्या हरणीचा विचार केला. तिचं तोंड उजवीकडे होतं आणि बाण डावीकडे गेला. माझा हात थरथरलाच नव्हता, दादा. मी जिथं बघत होतो तिथं बाण जाऊच शकत नव्हता.

तर मला डाव्या हातानं ओढायचं धनुष्य हवं आहे. परीक्षेला न्यायच्या बाबांच्या धनुष्याला बाण टेकवायची खाच एकाच बाजूला आहे आणि दुसरीकडेही पाडली तर मधे लाकूड उरणार नाही, एवढं मला कळतं. नवंच करावं लागेल. परीक्षेला नऊ आठवडे आहेत. जमणार नसेल तर स्पष्ट लिही, मी औषधवाल्याकडे यंत्र मागायला जाईन. तुझ्या समोरून जाईन.

उत्तराची वाट बघतो. या खेपेला नऊपेक्षा जास्त ओळी याव्यात एवढा लोभ असावा.

डळमळ्या
(हे नाव आता तपासून घ्यावं लागेल.)

*

ता. २ सप्टेंबर

चि. भाऊजींना,
अनेक आशीर्वाद.

हे लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहिते. तुमचं धनुष्य होतंय. तुमच्या दादांनी साठवणीतलं सगळ्यात चांगलं लाकूड काढलं, जे स्वतःसाठी अकरा वर्षं वाळत ठेवलं होतं. उजवा हात वर होत नाही, म्हणून डाव्या हातानं रंधा मारतात आणि मी दुसरं टोक धरून बसते. पलीकडचा सुतार मदतीला आला होता, त्याला असं काही बोलले की तो आता रस्त्यानं जातानाही आमच्या बाजूला बघत नाही. आजवर मी या माणसाला वाकड्या लाकडाला शिव्या देताना ऐकलं आहे. सरळ लाकडाला देताना पहिल्यांदा ऐकते आहे.

तुम्ही दोघं भाऊ मिळून एक धड माणूस होत नाही, हे मी लग्न झाल्यापासून बघते आहे. एक जण बोलतो ते टाकून, आणि दुसरा टाकून बोलून घेतो आणि शहरात जाऊन बसतो. पण या खेपेला काहीतरी निराळं आहे. तुमचं जुलैतलं पत्र आलं त्या दिवसापासून जेवण अर्धं झालं आहे. ते पत्र कामाच्या खोलीत सरसाच्या डब्याखाली ठेवलं आहे, दिवसातून एकदा काढून वाचतात आणि परत ठेवतात. मी वाचलं. त्यात मला डाग, इस्त्री आणि पोतं एवढंच दिसलं. विचारलं तर म्हणतात, तू लाकूड धर.

तुम्हाला काही कळत असेल तर मला कळवा. कळत नसेल तर परीक्षेला या आणि घरी जेवायला या, मी वाट बघते. धाकटीला म्हणावं, डोळा मिटून बोलायची युक्ती मला आवडली, मीही सुरू केली आहे.

लोभ माझा आहेच, तो तुम्हा दोघांच्या भांडणात धरू नये.

वहिनी

*

ता. २२ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

धनुष्य सोबत आहे. खाच उजव्या बाजूला आहे. पहिले चार दिवस नुसतं ओढून परत आण, लाकडाला तुझी आणि तुला लाकडाची सवय होऊ दे. वरच्या टोकापाशी एक जागा खडबडीत राहिली आहे. तिथं काचकागद मारताना हात चालला नाही.

आता दुसरी गोष्ट. ती लिहायला मला दोन महिने लागले. मी तुला भित्रा म्हणालो, पण या दोन महिन्यांत घरात भित्रा कोण होता ते मला कळलं आहे.

कुणाचा डोळा फुटलेला मी पाहिला नव्हता. उलट्या हातानं ओढलं म्हणून दोरी उलटत नाही. बाबांनी मला ते छोटं धनुष्य दिलं तेव्हा मी सोळाचा होतो आणि दिवसभर मारून पाचांतले दोन, फार तर तीन बाण बसायचे. त्या दुपारी तू माझ्या हातून ते घेतलंस, उलटं धरलंस आणि पाच बाण मारलेस. पाचही बसले. तू दहा वर्षांचा होतास. नाकाला शेंबूड होता. तू हसलास आणि म्हणालास की हे तर सोपं आहे. बाबा तेवढ्यात फाटकातून आत येत होते.

मी तुला तेव्हाच सांगितलं की असं धरलं तर डोळा जातो. तू लगेच धनुष्य खाली ठेवलंस. तू माझ्यावर विश्वास ठेवायचास. बाबांनी विचारलं की कुणाचे बाण आहेत, तर मी माझे म्हणालो.

तेव्हा पुढचं काही डोक्यात नव्हतं. मला वाटलं, आठवडाभरात विसरशील. मग तू सुलट्या हातावर आलास आणि चुकायला लागलास, आणि मला बरं वाटलं. नाव मी तेव्हाच ठेवलं. ते नाव घेतलं की मला माझे तीन बाण पुरेसे वाटायचे. हरणीचं ते झालं तेव्हा मला सगळं माहीत होतं. त्या दोन दिवसांत रक्तामागे फिरताना मी चार-पाचदा तोंड उघडलं आणि मिटलं. बाबांनी माझ्या हातात धनुष्य दिलं, ते मी घेतलं. तेरा वर्षांपूर्वी ते गेले, तेव्हाही मी शेजारी बसून होतो आणि बोललो नाही.

तुझा हात कापत नाही. कधी कापत नव्हता. ती हरणी तुझ्या नावावर ठेवू नकोस, माझ्या नावावर लिही.

हे परीक्षेनंतर लिहावं असं मला सुचलं होतं. तू आधी जागा वाचवावीस आणि मग मी सांगावं. असले विचार मला अजून सुचतात. म्हणून आधीच लिहिलं. हे वाचून आला नाहीस तर जागा औषधवाल्याला जाईल. जाऊ दे. मी त्याच्या घरी जाऊन स्वतः सांगेन.

लोभ असावा असं या खेपेला लिहीत नाही. मागायचा अधिकार नाही.

दादा

*

ता. १७ ऑक्टोबर

दादास,
नमस्कार वि. वि.

'तीर्थरूप' आणि 'साष्टांग' या खेपेला गाळलं आहे, ते चुकून नाही.

तुझं पत्र मी उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, मग बायकोला दिलं. ती वाचून म्हणाली की एवढा मोठा माणूस आणि एवढा छोटा खोटेपणा, आणि तो पुरला बघ किती. मी तुला दोन पत्रं लिहिली आणि फाडली. त्यातलं एक फार चांगलं साधलं होतं. तू मला आयुष्यभर ज्या शब्दांत तोललंस त्याहून हलके शब्द मला सापडले होते. परीक्षेला यायचं नाही असंही ठरवलं होतं.

धनुष्य तीन दिवस कागदात गुंडाळलेलंच होतं. चौथ्या दिवशी ते काढलं, तेही तू कुठं कुचराई केलीस ते बघायला. वरच्या टोकाची खडबडीत जागा सापडली. दुसरं काही सापडलं नाही. मग सहज उजव्या हातात धरलं, डाव्यानं ओढलं आणि बोट ओठाच्या कोपऱ्याला आणलं. बाणाचं टोक पोत्यावरच्या ठिपक्यावर गेलं आणि थांबलं. हललं नाही. अठ्ठावन्न वर्षांचा झालो, पहिल्यांदा ते हललं नाही. मी अक्षरांच्या तक्त्यासमोर उभा राहून रडलो. हे लिहिताना मला लाज वाटत नाही. ती तुला वाटली पाहिजे.

म्हणून आलो. तू प्रेक्षकांच्या दोरीपलीकडे औषधवाल्याशेजारी उभा होतास, मी पाहिलं. मुद्दाम बोललो नाही. पाच बाण कसे गेले ते तू बघितलंस. सहावा ओढला तेव्हा मला बाबांचा चेहरा आठवला, ओढ्याकाठचा, आणि टोक फिरायला लागलं. एकोणीस वर्षांचा असताना मी तो तसाच सोडला असता. मी दोरी परत आणली. परीक्षक बाईंनी काहीतरी टिपलं, मला वाटलं संपलं. नंतर त्यांनी वही दाखवली. त्यांनी लिहिलं होतं की हा उमेदवार न सोडता थांबू शकतो. ते तू शिकवलंस. ते मी तुझ्या नावावर लिहितो, कारण ते तुझं आहे. मग श्वास घेतला, पुन्हा ओढला, आणि सहावाही आत गेला.

सगळ्यात आधी हात मिळवायला औषधवाला आला. त्याची जागा मी घेतली होती, तरी आला. माणूस तू लिहितोस तसा नाही, आणि त्याचं यंत्रही चांगलं आहे. तू कुणाबद्दल काही लिहिलंस तर ते मी यापुढे आधी तपासून घेईन.

घरी न येता बसमध्ये बसलो, त्याबद्दल वहिनींची माफी माग. त्यांनी दोन वाजेपर्यंत ताट झाकून ठेवलं होतं असं कळलं. तुझ्यासमोर बसून घास उतरला नसता.

हरणी पूर्ण तुझ्या नावावर करता येणार नाही. तू खोटं बोललास, पण बाण मी सोडला. ती आपली अर्धी-अर्धी आहे आणि तशीच राहील. बाबांचं काय करायचं ते मात्र मला सुचत नाही. ते मला डळमळ्या समजूनच गेले. हे तू कुठल्याच रंध्यानं नीट करू शकत नाहीस, आणि तुला माफ केलं असं मी लिहीत नाही, कारण केलेलं नाही.

जागा घरात राहिली. शिकार १ डिसेंबरला सुरू होते. मी आदल्या दिवशी संध्याकाळी येईन आणि आपल्याच घरी उतरेन, वहिनींचा पाहुणा म्हणून. त्या वरच्या टोकाला काचकागद मारायचा राहिला आहे. तू टोक धर, मी मारीन.

लोभाचं तेव्हा बघू.

तुझा भाऊ

ता. क. उलट्या हातानं सहा बाण मारले. डोळा फुटला नाही.